पुढे

४ फेब्रुवारी

बुटक्या,

बाबांना थोडं लागलं आहे. काळजी करण्यासारखं नाही. डाव्या बाजूच्या बरगड्या आणि मनगट. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं जुळायला वेळ लागतो. बाबा म्हणाले, या वयात म्हणजे कोणत्या? डॉक्टर हसले. म्हणजे ठीकच आहे.

टँकरचं तोंड चेपलं आहे. दूध सगळं वाहून गेलं. डेअरीची माणसं येऊन बघून गेली. त्यांनी बाबांना काही विचारलं नाही, ते मला बरं वाटलं नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. बाक डुगडुगतो, म्हणून अक्षर असं. फोनच करणार होते. पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं.

तिकडे आपलं वर्तमानपत्र मिळत असेल तर काही दिवस वाचू नकोस. त्यात टँकरचा फोटो आहे. फोटोत नेहमी जास्त दिसतं.

दुसरंही थोडं झालं आहे. ते नंतर लिहीन.

तुझं नाव बाबांनी काढलं नाही. म्हणजे नेहमीसारखंच.

जेवत जा.

ताई


६ फेब्रुवारी

बुटक्या,

परवा मी खोटं लिहिलं नाही. कमी लिहिलं.

एक माणूस गेला. वायरमन होता. डोंगरातल्या जुन्या बोगद्यात दिवे बदलायचं काम निघालं होतं, म्हणून बोगदा बंद ठेवला होता. आतली वीज तोडली होती. तो परांचीवर उभा होता. बाबांचा टँकर परांचीला धडकला.

हे मी लिहिलं, पण माझ्या अजून डोक्यात शिरलेलं नाही. काल दुकानात एका बाईंच्या चष्म्याची काच घासताना मी तीच कडा इतकी घासत राहिले की काच फ्रेममधून खाली पडायला लागली. मालकांनी माझ्या हातून ती काढून घेतली आणि काही न बोलता नवी दिली. ते कधी काही न बोलता राहत नाहीत.

रस्ता अडवायचे पिंप पलीकडच्या तोंडाकडून लावत येत होते. अलीकडे अजून काही लावलेलं नव्हतं. एवढं सगळे कबूल करतात. पण पुढे म्हणतात, सूचना निघाली होती, बाकीचे सगळे टँकर डोंगरावरच्या रस्त्याने वळून गेले. एकटे तुमचेच वडील आत कसे शिरले?

बाबांना विचारलं तर ते एवढंच म्हणतात, "बघितलं नाही. घुसलो."

बाबा. जे दुसऱ्याच्या गाडीत मागे बसले तरी उजव्या पायाने ब्रेक दाबत बसतात.

वॉर्डाच्या दाराशी एक पोलीस बसवला आहे. माणूस भला आहे. मी चष्म्याच्या दुकानात असते हे कळल्यावर त्याने आपल्या चष्म्याची ढिली दांडी दाखवली. मी स्क्रू आवळून दिला. आपल्या बापावर पहारा करणाऱ्या माणसाला नीट दिसावं म्हणून.

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नकोस. स्ट्रेचरवरून आत नेताना बाबांनी चांगल्या हाताने खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात कोंबला. "पर्समध्ये टाक. कुणाला दाखवू नकोस." बरगड्या मोडलेल्या माणसाने पाणी मागितलं नाही. फोन लपवायला सांगितलं.

आणि अजून एक. त्याच सकाळी त्यांच्या जवळचं वाचायच्या चष्म्याच्या काचा तयार झाल्या होत्या. ते सांगायला मी दुकानातून त्यांना फोन केला. एंगेज. थोड्या वेळाने परत केला. एंगेज. बाबा कुणाशी बोलत होते? बाबा फोनवर कुणाशी बोलत नाहीत. मी केला तर "बोल" म्हणतात, आणि मी बोलायच्या आत "बरं" म्हणून ठेवतात.

फोन माझ्या पर्समध्ये आहे. मी तो उघडलेला नाही.

ताई


९ फेब्रुवारी

बुटक्या,

फोन उघडला.

आधी तुला माहीत नसलेली एक गोष्ट. तू हा फोन माझ्यासाठी पाठवलास. तो माझ्याकडे आठवडाभरसुद्धा राहिला नाही. बाबा म्हणाले, तुला घर ते दुकान एवढ्यात फोन कशाला, गाडीत असू दे, अडीनडीला उपयोगी पडेल. मी दिला. तू विचारायचास, फोन कसा चाललाय, आणि मी सांगायचे, छान. छानच चालला होता. फक्त बाबांच्या खिशात.

त्यांना अडीनडीसाठी नको होता. तुझं पान वाचायला हवा होता.

तू फोनच्या कंपनीत काय करतोस हे मी त्यांना जेवताना एकदा सांगितलं होतं, तू सांगितलं होतंस तसंच. की हवेतून फोनवर इंटरनेटचं अख्खं पान येऊ शकत नाही. वाट फार अरुंद आहे. म्हणून मध्ये एक यंत्र बसवलं आहे. ते पानातली चित्रं काढतं, रंग काढतं, नुसती अक्षरं ठेवतं आणि त्या अक्षरांचे फोनच्या पडद्याएवढे तुकडे पाडतं. एका तुकड्याला पत्ता म्हणायचं, सगळे मिळून कॅट, खेळायच्या पत्त्यांसारखं. अख्खा कॅट एकदम फोनमध्ये उतरतो, आणि तो उतरेपर्यंत फोन एंगेज राहतो. आणि रस्त्यांच्या बातम्यांचं पान आपला बुटक्या लिहितो.

बाबा म्हणाले, "एवढं शिकला आणि पत्ते पिसतोय."

तेवढंच. बाबांनी तुझ्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या टँकरवर बसायला तू नाही म्हणालास, त्या टँकरच्या कपाळावर पेंटरने आधीच 'बुटक्या' रंगवून ठेवलं होतं, आणि ते बाबांनी स्वतः ब्लेडने खरवडून काढलं. त्या दिवसानंतर तुझ्याबद्दल ते जे काही बोलले त्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर फोन धरून उभे राहिले. म्हणाले, "रस्त्याचं पान कुठे दिसतं?" मी त्यांना एकच बटण दाखवलं. दाबा, थांबा, वाचा. त्यांना जास्त बटणं सांगितली की ते चिडतात, हे तुला माहीत आहे.

तेव्हापासून रोज. टँकर सुरू करायच्या आधी फोन हातभर लांब धरून, मान मागे टाकून. अजून त्यांचा जवळचा चष्मा झालेला नव्हता. तुला सांगायचं नाही अशी ताकीद होती. मी पाळली.

त्यामुळे एंगेज म्हणजे काय हे मला आधीच कळायला हवं होतं. ते बोलत नव्हते. तुझं पान उतरवत होते.

आता ऐक. शेवटचा कॅट फोन जपून ठेवतो, हे तूच सांगितलं होतंस. मी आज तो उघडला. त्या दिवसाची तारीख आहे. खाली इंग्रजी अक्षरांत, कारण फोनला आपली लिपी येत नाही, आपल्याच भाषेत लिहिलं आहे:

जुना बोगदा आज दिवसभर जड वाहनांसाठी खुला

खुला. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. दुकानातल्या भिंगाखाली धरून वाचलं.

बंद बोगद्याला तू खुला लिहिलंस. बाबांनी तुझं ऐकलं, आयुष्यात एकदा ऐकलं, आणि एक माणूस मेला. आणि आता ते फोन लपवून पडले आहेत आणि म्हणतात, बघितलं नाही, घुसलो.

तू काय करत होतास त्या दिवशी?

हे पत्र मी लगेच पेटीत टाकते आहे. परत वाचलं तर टाकणार नाही.

ताई


१० फेब्रुवारी

बुटक्या,

कालचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. हे आधी मिळालं तर ते उघडू नकोस.

आज दुपारी डबा खायच्या सुट्टीत मी फोन परत उघडला. कालपासून तो शब्द डोळ्यांसमोरून हलत नव्हता. काल माझं लक्ष नुसतं त्या एका ओळीवर होतं. आज पडद्याच्या अगदी तळाशी एक लहान शब्द दिसला. पुढे. मी तो दाबला.

दुसरा पत्ता आला. त्यावर एवढंच आहे:

राहणार नाही. वरच्या रस्त्याने जावे.

बाकी पडदा रिकामा.

वाट बघावी लागली नाही. फोन कुठेही लागला नाही, काही उतरलं नाही. तो पत्ता आधीपासून आतच होता. बाबा बोगद्यात शिरले तेव्हा 'नाही' त्यांच्या खिशात होतं.

मालक विचारत होते, डबा का उघडला नाहीस. मी फोन त्यांच्यासमोर धरणार होते. मग आठवलं, कुणाला दाखवायचा नाही.

तू बरोबर लिहिलं होतंस. वाक्य पडद्यात मावलं नाही, यंत्राने जिथे जागा संपली तिथे तोडलं. माझी चूक झाली. पण मला अजून कळत नाही, बाबांनी तळातला तो शब्द दाबला का नाही. उद्या विचारते.

ताई


१३ फेब्रुवारी

विचारलं.

पोलीस पाय मोकळे करायला गेला होता. मी पडदा ओढून घेतला आणि फोन काढला. बाबांनी आधी दाराकडे बघितलं.

मी म्हटलं, "इथे खाली पुढे लिहिलंय. हे दाबलं का नाही?"

"दाबायचं कशाला?"

"मग ते कशासाठी लिहिलंय?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना स्टिअरिंग कशासाठी असतं ते विचारलं.

"माझ्यासाठी लिहिलंय," ते म्हणाले. "आधी रस्ता सांगतो. मग खाली लिहितो, पुढे. म्हणजे निघा."

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग मी त्यांचा चेहरा बघितला. ते गंमत करत नव्हते. बुटक्या, बाबांना वाटत होतं की तू त्यांना लिहितोस. तुला माहीत आहे की ते वाचतात, त्यांना माहीत आहे की तू लिहितोस, दोघांनी एकमेकांना ते सांगायचं नाही, असा काहीतरी तुमच्यात करार आहे असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बातमी मोठी असली की खाली तो शब्द यायचा, लहान असली की नाही. म्हणजे ज्या दिवशी तो नसायचा त्या दिवशी काय, असं मी विचारलं. म्हणाले, "त्या दिवशी घाईत असेल."

इतके महिने बाबांनी तुझं प्रत्येक लांब वाक्य अर्धंच वाचलं आहे. कुठे खड्डे, कुठे धुकं, कुठे डांबर टाकतायत. अर्ध्यावर भागत होतं. कधी अडलं नाही.

मी त्यांच्यादेखत तो शब्द दाबला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात लांब केला, मान मागे टाकली. ओठ हलवत वाचलं. राहणार नाही. मग पहिला पत्ता परत दाखव म्हणाले. मग दुसरा. मग पहिला.

मी त्यांना कधीही असं बघितलेलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा ते काहीतरी करत होते, खुर्च्या हलवत होते, माणसांना पाणी देत होते. आता ते नुसते बघत होते, आणि पडद्यावरचा उजेड गेला तरी बघत होते.

मग म्हणाले, "त्याला कळलंय?"

"मी पत्र टाकलंय."

"टाकायचं नव्हतं."

पोलीस परत आला. बाबांनी फोन चादरीखाली सरकवला. हळू आवाजात मला म्हणाले, "मी फोन बघितला नाही. मी घुसलो. तुझ्या तोंडून दुसरं काही निघता कामा नये."

मी विचारलं, का?

"माझं काय, गाडी आज ना उद्या सोडायचीच होती. त्याची आत्ता कुठे सुरुवात आहे."

हे त्यांनी सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं.

ताई


२७ फेब्रुवारी

बुटक्या,

तुझं पत्र आलं. तुझ्या पत्रात इतक्या कमी ओळी आहेत की मी पान उलटून बघितलं, पुढे काही आहे का. मग स्वतःचीच भीती वाटली.

तू लिहितोस ते मला कळलं. ते यंत्र जिथे तयार झालं तिथल्या लोकांच्या भाषेत नकार वाक्यात आधी येतो. त्यांचं वाक्य मागून कितीही तोडलं तरी 'नाही' शिल्लक राहतं. आपण आधी सगळं सांगून घेतो, बोगदा, दिवस, वाहनं, खुला, आणि मग अगदी शेवटी म्हणतो, नाही. यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. तू तुझ्या वरिष्ठांना सांगितलं होतंस. ते म्हणाले होते, लोक पुढे दाबतील की. तू ते लेखी दिलं होतंस आणि त्याची प्रत तुझ्याकडे आहे. ती तू चौकशीत दिलीस तर तुझी नोकरी राहणार नाही. हे सगळं तू पाठ केल्यासारखं लिहिलं आहेस. आणि खाली विचारलं आहेस, बाबा काय म्हणतात.

बाबा आता म्हणतात, त्यांना झोप लागली होती.

मागच्या सोमवारी त्यांना घरी सोडलं. परवा संध्याकाळी दार वाजलं. वायरमनची बायको होती. बरोबर कुणी नाही. माझ्याच वयाची असेल. मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. ती बसली नाही. बाबा पलंगावर उठून बसायला लागले, तर बरगडीत कळ आली आणि ते अर्ध्यातच राहिले, ना बसलेले ना आडवे. ती त्यांच्याकडे तसं बघत राहिली.

मग तिने विचारलं, "तुम्हाला आत अंधार दिसला नाही का? बोगद्यात कधी अंधार नसतो. आमचे हे तो असा ठेवायचेच नाहीत. त्यांचं कामच ते होतं."

बाबा म्हणाले, "दिसला."

"मग?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "झोप लागली होती, बाई."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी तिला द्यायचा विसरले. बुटक्या, लहानपणी आपण टँकरमध्ये मागे झोपायचो तेव्हा बाबा आपल्याला हटकून सांगायचे, ड्रायव्हर झोपला की त्याने जन्मभर पायी चालावं. आणि तो माणूस एका परक्या बाईसमोर मान खाली घालून सांगत होता की मी झोपलो. कारण 'घुसलो' एवढ्यावर कुणी थांबणार नाही, कुणीतरी विचारणारच की का घुसलात, हे त्यांना पडल्या पडल्या उमगलं असणार. म्हणून त्यांनी स्वतःसाठी सगळ्यात वाईट कारण शोधलं.

ती म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली. ती निश्चिंत झाल्यासारखी वाटली, तेच मला सहन झालं नाही. नवरा एका झोपाळू माणसाने मारला हे घेऊन ती आता घरी जाणार, मुलांना तेच सांगणार, आणि ते खोटं आहे, आणि मी तिथे पेला धरून उभी होते.

ती गेल्यावर मी बाबांना म्हटलं, हे बरोबर नाही. बाबा म्हणाले, माणूस माझ्या गाडीखाली गेला. त्याच्यात काय खोटं आहे?

१९ मार्चला अपघाताच्या चौकशीची सुनावणी आहे. झोपेचा जबाब तसाच राहिला तर त्यांना शिक्षा होईल. बाबांसाठी केलेल्या वकीलबाई म्हणाल्या, तुरुंग. त्या सहज म्हणाल्या, शाळेची सुट्टी कधी लागते ते सांगावं तशा.

तू विचारतोस, मी काय करू? मी तुला प्रत पाठव म्हणत नाही. पाठवू नकोस असंही म्हणत नाही. तुझी आत्ता कुठे सुरुवात आहे, हा बाबांचा निरोप मी तुला दिलेला आहे. तो काही निरोप नव्हता, पण तो तुझ्यापर्यंत आला.

ताई


२० मार्च

बुटक्या,

तुझा कागद वेळेत पोचला. त्याच्यासोबतचं तुझं निवेदनही. वकीलबाई म्हणाल्या की तू ते फार चांगलं लिहिलं आहेस. मी म्हटलं, त्याचं कामच कमी शब्दांत लिहायचं आहे.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. मधोमध टेबल, भिंतीला कपाटं, खिडकीत बंद पडलेला पंखा. चौकशी अधिकारी मॅडम आहेत. बारीक, पांढऱ्या केसांच्या, वाचताना दोन चष्मे आलटून पालटून लावणाऱ्या. त्यांच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलेला आहे. त्यांना सांगावं की नाही याचा मी बराच वेळ विचार करत होते. मला दुसरा कसलाच विचार करायचा नव्हता.

बाबांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मॅडमनी तुझं नाव घेतलं आणि निवेदन वाचायला सुरुवात केली, तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वकीलबाईंकडे, मग परत माझ्याकडे. तू लिहिलं आहेस की वाक्य मी लिहिलं, यंत्राने तोडलं, ते तुटणार हे मला माहीत होतं, मी वर कळवलं होतं, त्याची प्रत सोबत आहे. आणि कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्या सकाळी वडिलांच्या फोनवर ते पान उतरलं होतं.

वाचून झाल्यावर बाबा उभे राहिले. पट्टा बांधलेल्या बरगड्यांनिशी, टेबलाला धरून.

"हे खोटं आहे, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमनी चष्मा बदलला. विचारलं, नोंद खोटी आहे का? बाबा म्हणाले, नोंद असेल, खिशात बटण दाबलं गेलं असेल, ह्या फोनांचं काही खरं नसतं. मी वाचलं नाही. मला वाचता येत नाही इतकं बारीक. मला झोप लागली होती. मुलगा बापाला वाचवायला काहीतरी लिहितोय, त्याचं मनावर घेऊ नका.

तुझ्या खऱ्या कागदाला बाबा सगळ्यांसमोर खोटं म्हणत होते, आणि इतकं मनापासून म्हणत होते की त्यांच्यावर विश्वास बसत होता. वायरमनची बायको मागच्या खुर्चीवर होती. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिचा बसला आहे.

मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही त्यांच्याबरोबर राहता. ते फोनवर पान वाचायचे का?

बाबा टेबलाला धरून उभेच होते. ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी पाहुण्यांसमोर आपण काहीतरी बोलून जाऊ नये म्हणून बघायचे ना, तसे.

मी म्हटलं, "रोज वाचायचे."

मग सगळं सांगितलं. एंगेज, हातभर लांब धरणं, मान मागे टाकणं. फोन पर्समधून काढून टेबलावर ठेवला. तो कॅट अजून तसाच आहे, दुसरं काही उतरू नये म्हणून मी त्यानंतर एकदाही ते बटण दाबलं नव्हतं. मॅडमनी स्वतः वाचलं. तळाचा शब्द दाबला. वाचलं. मग चष्मा बदलून परत वाचलं.

शेवटी बाबांना म्हणाल्या, आणि आवाज चढवून नाही, खरंच कळत नसल्यासारखं, "तुम्ही पुढे का दाबलं नाहीत?"

बाबा खाली बसले. म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे, मॅडम. मला पुढे म्हटलं की मी जातो."

वायरमनची बायको उठून टेबलापाशी आली. तिने फोन मागितला नाही, नुसता हात पुढे केला, मॅडमनी दिला. तिला दोन्ही पत्ते वाचायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "एवढंसं?" कुणाला म्हणाली कळलं नाही. फोन टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मी तिला काय देऊ शकले, खरं की आणखी वाईट काहीतरी, मला माहीत नाही. झोपलेल्या माणसाचा राग तरी करता येतो.

निकाल लागायचा आहे. मॅडम एवढंच म्हणाल्या की झोपेचा जबाब त्या धरणार नाहीत, आणि अंधारात गाडी घातली याचा जाब बाबांना द्यावाच लागेल. तुझ्या कंपनीच्या माणसांना बोलावणार आहेत. फोन त्यांनी ठेवून घेतला. वकीलबाई म्हणतात, तुरुंग आता बहुतेक टळेल, लायसन्स मात्र जाईल. बाबांनी ऐकून घेतलं.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले आणि घरापर्यंत त्याच्या पायांकडे बघत होते. घरी आल्यावर मी वाढलं, ते जेवले. मी म्हटलं, बोला काहीतरी. म्हणाले, तू बोललीस तेवढं पुरे आहे.

आज सकाळी मी दुकानात निघाले होते. चप्पल घालत होते. ते खिडकीपाशी बसले होते, पाठ माझ्याकडे.

"त्याला काढलं का कामावरून?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारते. तुम्हीच विचारा ना, शेजारच्यांचा फोन आहे.

ते म्हणाले, नको. तू पत्रात विचार. काढलं असेल तर म्हणावं घरी येऊन राहा, खोली रिकामी आहे. नसेल काढलं तर विचारलंच नव्हतं असं समज. आणि मी विचारतोय असं लिहू नकोस.

लिहिलं आहे.

ताई